क्रोएट जनसमूहाशी असलेल्या नात्यावरून नागरिकत्व (क्रोएशिया)

परदेशात राहणाऱ्या पण क्रोएट (क्रोएशियातला मुख्य जनसमूह) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीला क्रोएशियात वास्तव्य न करताही त्या देशाचे नागरिकत्व मिळवून देणारी कायदेशीर तरतूद. क्रोएशियाच्या नागरिकत्व कायद्यातील १६ व्या कलमात ती आहे. हा कायदा ८ ऑक्टोबर १९९१ रोजी अमलात आला. क्रोएशिया तोवर ज्या युगोस्लाव्हिया संघराज्याचा एक भाग होता, त्याच्याशी असलेले राज्यसंबंध संसदेने त्याच दिवशी तोडले.

एरवी परक्या माणसाला हे नागरिकत्व सहज मिळत नाही. आठ वर्षांचे वास्तव्य, आधीच्या नागरिकत्वाचा त्याग, क्रोएशियन भाषेची आणि लॅटिन लिपीची ओळख अशा अटी आहेत. सोळाव्या कलमाखाली यांतले काहीच लागत नाही. अर्जदार कायदा पाळणारा आहे ना, त्याच्यामुळे देशाच्या सुरक्षेला बाध येत नाही ना, एवढे पाहिले जाते. आपण स्वतःला क्रोएशियाचे नागरिक मानतो, असे त्याने लेखी द्यायचे असते. मूळ देशाचे नागरिकत्व सोडावे लागत नाही.

बाहेर स्थायिक झालेल्यांच्या वंशजांसाठी ११ वे कलम आहे. या दोन्हींची पुष्कळदा गल्लत होते. अकराव्या कलमाखाली आजच्या क्रोएशियाच्या भूमीतून निघालेला पूर्वज दाखवावा लागतो आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंतची साखळी जन्म-विवाहाच्या दाखल्यांनी जोडावी लागते. २०२० पासून या साखळीला पिढ्यांची मर्यादा उरलेली नाही. क्रोएशियाच्या ब्राच बेटावरून चिलीतल्या पुंता अरेनासला गेलेल्यांच्या पणतवंडांना हा रस्ता सोयीचा. पण शेजारच्या बॉस्निया-हर्सेगोव्हिना देशातल्या हर्सेगोव्हिना भागातल्या क्रोएट शेतकऱ्याचे काय? त्याचे घराणे कुठून निघालेले नाही. ते होते तिथेच आहे, सीमा मात्र पलीकडे आखली गेली. त्याच्याजवळ दाखवायला स्थलांतर नाही, फक्त ओळख आहे. सोळावे कलम खरे तर अशा माणसांचे आहे. बॉस्निया-हर्सेगोव्हिनात २०१३ च्या जनगणनेत क्रोएट साडेपाच लाखांच्या आसपास होते, म्हणजे लोकसंख्येच्या १५.४ टक्के. सर्बियाच्या व्हॉयव्होडिना प्रांतात, माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या आखाताकाठी, कोसोव्होतल्या यान्येव्हो गावात आणि रोमानियातल्या काराशोव्हा परिसरातही असे समाज आहेत.

ओळख सिद्ध कशी करायची, हा या तरतुदीतला सगळ्यांत गुंतागुंतीचा भाग. कायद्यात काही खुणा सांगितल्या आहेत : पूर्वी कायदेशीर व्यवहारात स्वतःला क्रोएट म्हणवलेले असणे, सरकारी कागदपत्रांत तशी नोंद असणे, क्रोएट लोकांच्या हक्कांसाठी व हितासाठी केलेले काम, आणि परदेशातल्या क्रोएट सांस्कृतिक, वैज्ञानिक वा क्रीडा संस्थांमधला सक्रिय सहभाग. युगोस्लाव्हियाच्या काळात अनेक नोंदवह्यांत आणि दाखल्यांत ‘नारोद्नोस्त’ असा एक रकाना असे. त्याचा अर्थ नागरिकत्व नव्हे, माणूस कोणत्या जनसमूहातला ते. लष्करी सेवेच्या किंवा नोकरीच्या पुस्तिकेत त्या रकान्यात कारकुनाने लिहिलेला ‘ह्र्वात’ (म्हणजे क्रोएट) हा एक शब्द चाळीस वर्षांनी नातवाच्याही उपयोगी पडू शकतो. उलट त्याच रकान्यात कोणी ‘युगोस्लाव्ह’ लिहून घेतले असेल, तर तो कागद या कामी निरुपयोगी. १९८१ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला ‘युगोस्लाव्ह’ म्हणवले होते. त्यांत मिश्र विवाहांची मुले होती, आणि एकत्र देशावर मनापासून विश्वास ठेवणारेही होते. त्यांच्यापैकी ज्यांची मुळे क्रोएट होती, त्यांना पुढे ती दुसऱ्या कागदांत शोधावी लागणार होती.

सर्बियातल्या सुबोतित्सा भागातले बुन्येव्हात्स लोक हे याहून नाजूक उदाहरण. कॅथलिक धर्म, बोली, चालीरीती सारख्याच. पण त्यांच्यातले काही स्वतःला क्रोएट मानतात, तर काही वेगळा समाज. सर्बियात बुन्येव्हात्स ही स्वतंत्र अल्पसंख्याक ओळख म्हणून मान्य आहे. त्यामुळे एकाच समाजात, कधी एकाच नात्यागोत्यात, कागदावरच्या शब्दानुसार हक्क बदलतो.

संस्थांमधल्या सहभागाला कायद्याने दिलेले महत्त्व योग्यच वाटते. परदेशातल्या क्रोएट समाजाने आपली भाषा आणि गाणी घरापेक्षाही अशा मंडळांतून अधिक जपली. तांबुरित्सा या तंतुवाद्यांचे वाद्यवृंद, क्रोएशियातल्या दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचे ‘क्लापा’ समूहगान, चर्चच्या आवारातले नाच, फुटबॉलचे क्लब. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरात खाणकामगार व पोलाद कामगारांनी उभारलेली क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन ही संस्था आधी अपघात-मृत्यूच्या वेळी कुटुंबाला आधार देणारी होती. संगीत आणि नृत्य त्याच छत्राखाली वाढले. युरोपातल्या दोन जुन्या समाजांची गोष्ट तर विलक्षण आहे. ऑस्ट्रियातल्या बुर्गेनलँडचे क्रोएट आणि इटलीतल्या मोलीझे प्रांतातल्या तीन गावांचे क्रोएट ऑटोमन स्वाऱ्यांच्या काळात तिकडे गेले. पाच शतके उलटली, तरी जुन्या वळणाची क्रोएट बोली तिथे अजून ऐकू येते. पहिल्या पूर्वजाचा दाखला तिथे कोण कुठून आणणार?

अर्ज क्रोएशियाच्या वकिलातीत किंवा देशात असल्यास पोलीस प्रशासनाकडे द्यायचा असतो. निर्णय गृहमंत्रालयाचा. मंजुरीनंतर नागरिक-नोंदवहीत नाव चढते आणि ‘दोमोव्हनित्सा’ हा नागरिकत्वाचा दाखला मिळतो. २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेल्यापासून या दाखल्याचे व्यावहारिक मोलही वाढले आहे.

या तरतुदीवरची टीका गंभीर आहे आणि ती टाळून चालणार नाही. १९९१ मध्ये क्रोएशियात वर्षानुवर्षे राहणारे, पण दुसऱ्या युगोस्लाव्ह प्रजासत्ताकाच्या नागरिकत्वाची नोंद असलेले सर्ब, बॉस्नियाक (बॉस्नियातला मुस्लिम जनसमूह) व इतर लोक एका रात्रीत परके ठरले. त्यांच्याच शेजारच्या क्रोएट माणसाला मात्र लेखी निवेदन पुरेसे होते. दुसरा वाद मतदानाचा. १९९५ च्या निवडणुकीत परदेशस्थ मतदारांसाठी संसदेत १२ जागा होत्या, आणि त्यांत बॉस्निया-हर्सेगोव्हिनातल्या मतांचा प्रभाव मोठा होता. जे कर भरत नाहीत त्यांनी सरकार का ठरवावे, असा प्रश्न देशात सतत विचारला गेला. २०१० च्या घटनादुरुस्तीनंतर या जागा तीनवर आल्या.

भारतीय वाचकाला गोव्यातले पोर्तुगीज नागरिकत्वाचे प्रकरण जवळचे वाटेल. पण तिथला आधार वेगळा आहे : १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीत झालेला जन्म आणि त्याची नोंद. तिथे पोर्तुगीज संस्कृती आपली मानण्याचा प्रश्न येत नाही. क्रोएशियाच्या कायद्यात तोच प्रश्न मध्यभागी आहे.