नाक्यावर सापडलं, बाटलीत नाही

गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगावला येणाऱ्याला कणकुंबीचा तपासणी नाका सांगावा लागत नाही. डिकी उघडा, पिशवी दाखवा. व्यावसायिक सायकल शर्यतींतला उत्तेजकांचा सर्वांत गाजलेला माल असाच एका सीमेवर सापडला, प्रयोगशाळेत नव्हे. ८ जुलै १९९८ रोजी फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्हूट बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरताना कस्टमवाल्यांनी गाडी तपासली आणि एपीओ या उत्तेजकासह शेकडो कुप्या निघाल्या. टूर दि फ्रान्स ही सर्वांत मोठी सायकल शर्यत तीन दिवसांवर होती.

तपासणी त्याआधी नव्हती असं नाही. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दोला खेळाडूंची लघवी पहिल्यांदा घेतली, तर दुसऱ्या दिवशी सगळे सायकलवरून उतरून निषेध म्हणून चालत निघाले. पुढच्याच वर्षी टूरमध्येच व्हाँतू डोंगरावर ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्प्सन कोसळून मेला. शरीरात अँफेटामाइन सापडलं. ते बाहेरचं रसायन, म्हणून सापडलं. एपीओचं तसं नाही. तांबड्या पेशी वाढवणारं हे संप्रेरक आपलं मूत्रपिंड स्वतःच बनवतं. बाहेरून टोचलेलं वेगळं ओळखायचं कसं, हे २००० पर्यंत जमलं नव्हतं.

तोवर १९९७ मध्ये सायकलिंगच्या जागतिक संघटनेने एक तोडगा काढला: रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं, की आरोग्याच्या कारणाखाली शर्यतीबाहेर. म्हणजे ४९ पर्यंत जणू परवानाच! खेळाडू स्वतःच यंत्र बाळगून रक्त मोजू लागले. १९९९ मध्ये इटलीच्या जिरो शर्यतीत आघाडीवर असलेला मार्को पंतानी, दोन टप्पे उरले असताना, या आकड्यानेच घरी गेला. पण तोही दोषी ठरला नाही, फक्त 'अनफिट' ठरला.

एपीओची चाचणी आली तशी युक्तीही बदलली. अगदी थोडी मात्रा रात्री थेट शिरेत घेतली, तर सकाळपर्यंत खूण जवळपास पुसली जाई. शिवाय स्वतःचंच रक्त काढून, थंड ठेवून, शर्यतीत परत चढवलं तर त्यात परकं काय शोधणार? २००६ मध्ये अशा रक्ताच्या पिशव्या स्पेनच्या पोलिसांच्या छाप्यात मिळाल्या. लान्स आर्मस्ट्राँगची टूरमधली सात विजेतेपदं २०१२ मध्ये गेली, तीही मुख्यतः जुन्या सहकाऱ्यांच्या साक्षींवर.

२००८ पासून प्रत्येकाच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणारा 'जैविक पासपोर्ट' आला. औषध नाही सापडलं तरी आकड्यांची चढउतार पाहून जाब विचारता येतो. माझ्या मते हीच खरी सुधारणा. तरी २०१९ मध्ये ऑस्ट्रिया-जर्मनीतलं रक्त चढवण्याचं जाळं उघडं पाडलं ते पुन्हा पोलिसांनीच.

आपल्याकडची गोष्ट आणखी साधी. खानापूर-निपाणीच्या पोराचा नमुना घेतलाच, तर तो जायचा दिल्लीला. आणि ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ दिल्लीच्या त्या प्रयोगशाळेचीच जागतिक मान्यता स्थगित होती. बाटल्या तपासायला परदेशी पाठवाव्या लागत होत्या.