श्वान पथकात जायचंय? पात्रता, कागदपत्रं, प्रशिक्षण : मराठवाड्यातल्या उमेदवारांसाठी माहिती

पोलीस भरतीची चाहूल लागली की लातूर-नांदेडच्या मैदानांवर सराव करणाऱ्या पोरापोरींकडून एक प्रश्न हमखास येतो : "सर, डॉग स्क्वाडचा फॉर्म कुठं भरायचा?" असा फॉर्म नसतो. महाराष्ट्र पोलिसांत श्वान हस्तक, म्हणजे सगळे ज्याला हँडलर म्हणतात तो, आधी साधा पोलीस शिपाई म्हणून भरती होतो आणि नोकरीत आल्यावर खात्यांतर्गत निवडीतून पथकात जातो. त्यामुळे 'डॉग हँडलरचा डिप्लोमा करा, थेट पोलिसांत नोकरी' असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर पाकीट खिशातच राहू द्या. कुत्रे हाताळायला शिकणं वाईट नाही, पण त्या कागदावर भरती होत नाही.

या कामाची ओढ मराठवाड्यात का आहे, तेही समजण्यासारखं आहे. बीड पोलिसांच्या रॉकी या श्वानाला सन्मानानं निरोप दिला गेला आणि ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला. तीनशेहून जास्त गुन्ह्यांच्या उकलीत रॉकीची मदत झाली होती. शिवाय तेलंगणाच्या सीमेला लागून नांदेड, कर्नाटकाला लागून लातूर-धाराशिव. २०२५ मध्ये तुळजापूरचं एमडी (मेफेड्रोन या अमली पदार्थाचं) प्रकरण गाजल्यापासून अमली पदार्थांचा विषय तालुक्याच्या चहाटपरीपर्यंत पोचला आहे.

पहिली पायरी : शिपाई भरती

शिक्षण बारावी उत्तीर्ण. वय १८ ते २८, मागास प्रवर्गांना ३३ पर्यंत; वय कोणत्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, तीच तारीख धरा. उंची पुरुषांना किमान १६५ सेंमी, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंमी आणि फुगवून ५ सेंमी जास्त.

मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावणं (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). यात निम्मे गुण मिळाले तरच पुढची दारं उघडतात, आणि त्यांतूनही प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. म्हणजे २५ गुणांवर समाधान मानणारा बहुतेक वेळा बाहेरच राहतो. लेखी परीक्षा मराठीत, १०० गुणांची, दीड तासाची : अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान-चालू घडामोडी, मराठी व्याकरण. किमान ४० टक्के हवेत.

अर्ज ऑनलाइन. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या पोलीस दलात किंवा आयुक्तालयात, अर्ज करता येतो. परभणीतही भरला आणि हिंगोलीतही भरला, असं चालत नाही. श्वान पथकाच्या दृष्टीनं घटक निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. पथक जिल्हा पोलीस दलाचं किंवा आयुक्तालयाचं असतं आणि निवड त्या घटकातल्या शिपायांतूनच होते. ज्या जिल्ह्यात आयुष्य काढायची तयारी आहे तोच घटक भरा. राज्य राखीव पोलीस बलाचे जालना, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगरचे गट ही वेगळी भरती आहे.

कागदपत्रं : इथं पोरं अडकतात

मैदान मारलेला मुलगा कागदावर पडतो तेव्हा वाईट वाटतं. यादी तशी सगळ्यांना पाठ असते : दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, फोटो, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, प्रवर्ग असेल तर जात प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथं नॉन-क्रीमीलेअर, खुल्या प्रवर्गातून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) असेल तर ते. अडचण यादीत नसते, तारखेत आणि नावात असते.

तारखेचं असं की दाखला अर्जाच्या शेवटच्या दिवसाआधीचा लागतो. नॉन-क्रीमीलेअर नव्या आर्थिक वर्षाचं हवं आणि हातात जुनं, हा प्रकार दर भरतीत होतो. जाहिरात येण्याची वाट न बघता एप्रिल-मे मध्येच सेतूत किंवा 'आपले सरकार'वर अर्ज टाकून मोकळं व्हा. नावाचं असं की दहावीच्या प्रमाणपत्रावर 'ज्ञानोबा', आधारवर 'ज्ञानेश्वर', आणि जातीच्या दाखल्यावर आडनावच वेगळं. दहावीचं प्रमाणपत्र पायाभूत मानून बाकीचं त्याच्याशी जुळवून घ्या. नाव खरंच बदललं असेल, लग्नानंतरचं असेल, तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागेल.

जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आपल्याकडं निजामाच्या काळातली कागदपत्रं उर्दूत किंवा मोडीत आहेत. आजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा मराठीत मिळाला तर काम सोपं होतं, म्हणून तहसीलच्या आधी गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौकशी करा. उर्दू नोंद असेल तर अधिकृत भाषांतर जोडावं लागतं आणि त्यात आठवडे जातात.

लातूर-धाराशिवच्या मंडळींसाठी आणखी एक. भूकंपग्रस्तांना समांतर आरक्षणात दोन टक्के जागा असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात घर गेलेल्या कुटुंबाला जिल्हाधिकारी कार्यालयाचं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते कुटुंबातल्या नोकरी करू इच्छिणाऱ्या व्यक्तीच्या नावे करून घ्यावं लागतं. ट्रंकेत आजोबांच्या नावाचं प्रमाणपत्र जपून ठेवलंय, पण नातवाच्या नावे केलेलंच नाही, अशी घरं औसा-निलंग्यात आजही सापडतील. त्याच धर्तीवर प्रकल्पग्रस्त, खेळाडू, माजी सैनिक, गृहरक्षक, पोलीस पाल्य, अनाथ ही समांतर आरक्षणं आहेत; ज्याचा दावा अर्जात केलाय त्याचाच कागद नंतर चालतो.

दुसरी पायरी : पथकात जाणं

भरतीनंतर पोलीस प्रशिक्षण केंद्रात मूलभूत प्रशिक्षण होतं. मराठवाड्यात अशी केंद्रं जालना आणि लातूरजवळ बाभळगावला आहेत. मग मुख्यालयात हजर. पथकात जागा झाली की पोलीस अधीक्षक कार्यालयातून इच्छुकांकडून अर्ज मागवले जातात. अर्ज साधा असतो, पण तो आपल्या शाखेच्या किंवा ठाण्याच्या प्रभारींमार्फत, योग्य मार्गानंच जायला हवा. थेट साहेबांच्या हातात दिलेला कागद परत फिरतो. नाव, बक्कल नंबर, नेमणुकीची तारीख, सध्याचं नेमणुकीचं ठिकाण, कुत्रे हाताळण्याचा अनुभव असेल तर तो, आणि प्रशिक्षणाला बाहेर राहायला तयार असल्याचं लेखी. आदेशात याहून काही मागितलं असेल तर ते जोडा. शारीरिक क्षमता आणि सेवापुस्तकातल्या नोंदी पाहिल्या जाणार हे गृहीत धरा.

मुलाखतीत काय बघतात? कुत्र्याला घाबरतो का, हे तर बघतातच. त्याहून जास्त बघतात ते घरची परिस्थिती. एका श्वानामागं साधारण दोन हँडलर असतात, आणि दिवाळी असो की घरचं लग्न, दोघांतला एक जण श्वानाजवळ हवाच. सकाळचा व्यायाम, खरारा, खाणं, केनेलची साफसफाई, लसीकरण, औषधाची नोंद, सगळं हँडलरच्याच अंगावर. गणवेशात रुबाब दाखवायला मिळेल म्हणून आलेला माणूस दोन महिन्यांत बदलीचा अर्ज घेऊन उभा राहतो.

प्रशिक्षण : शिकतो कोण?

राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगरला आहे. देशपातळीवर सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरचं राष्ट्रीय केंद्र आहे, ते १९७० पासूनचं. श्वान आणि हँडलर एकत्रच पाठवले जातात. पिल्लू काही महिन्यांचं असताना घेतलं जातं आणि प्रशिक्षण साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. माग काढणाऱ्याला जास्त वेळ लागतो, स्फोटकं किंवा अमली पदार्थ शोधणाऱ्याला कमी. एका श्वानाला एकच विषय शिकवतात. बॉम्ब शोधणाऱ्याला गांजा शिकवत नाहीत. वास सापडला की श्वान बसतो; तो बसला की खाली स्फोटक आहे की पुडी, हा संशय जागेवर परवडणारा नसतो.

सुरुवात आज्ञापालनापासून : सिट, डाऊन, स्टे, हील. गस्तीच्या श्वानाला त्यापुढं अनोळखी माणसावर भुंकून अडवणं, आज्ञा होताच सोडणं, अंधारात हँडलरच्या पायाशी आवाज न करता चालणं. यातलं 'सोडणं' सगळ्यांत अवघड, आणि तेवढं जमलं नाही तर असा श्वान बंदोबस्तात नेता येत नाही.

अमली पदार्थांचं शिक्षण खेळातून होतं. ज्या वासाशी चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल जोडला, तो वास सापडला की खेळ मिळतो, एवढंच श्वानाला कळलेलं असतं. गांजाचं व्यसन लावतात ही निव्वळ अफवा आहे. मैदानात एका ओळीत खोकी मांडलेली असतात. एकात नमुना, बाकीच्यांत मिरची पूड, कॉफी, अत्तराचा बोळा, भाकरीचा तुकडा. श्वान भाकरीपाशी रेंगाळतो, पुढं जातो, एका खोक्यावर नाक टेकवतो, श्वासाचा वेग बदलतो आणि मग बसतो. त्याच क्षणी चेंडू. दोन सेकंद उशीर झाला तर बक्षीस बसण्याचं होतं की हँडलरकडं बघण्याचं, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

खरी मेख इथंच आहे. नमुना कुठल्या खोक्यात आहे हे हँडलरला माहीत असेल तर तो नकळत त्या खोक्यापाशी अर्धं पाऊल थांबतो, पट्टा किंचित ताणला जातो, आणि श्वान वासाऐवजी माणूस वाचायला शिकतो. मैदानावर शंभर टक्के निकाल, आणि नांदेडच्या बसस्थानकावर भोपळा. म्हणून नमुना तिसऱ्याच माणसानं लपवायचा, हँडलरला न सांगता. कधी कधी एकाही खोक्यात काही ठेवायचं नाही, कारण 'इथं काही नाही' हे सांगायचं धाडसही दोघांना यायला हवं. सरावाचे नमुने कुलपात राहतात, काढताना-ठेवताना वजनासह नोंद होते. त्या नोंदवहीत ग्रॅमची तफावत आली तर चौकशी हँडलरची होते.

शेवटी परीक्षा जोडीचीच असते. नंतर वेळोवेळी उजळणी, आणि राज्य पोलीस कर्तव्य मेळाव्यात स्पर्धा.

ड्युटीवर लागणारा कायदा

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५, हँडलरला तोंडपाठ नसला तरी झडतीविषयीची कलमं ४२, ४३ आणि ५० कळलीच पाहिजेत. श्वानानं एखाद्या माणसाकडं इशारा केला म्हणून लगेच खिशात हात घालता येत नाही; राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा त्याचा हक्क त्याला आधी सांगावा लागतो. गांजा एक किलोपर्यंत अल्प आणि २० किलोहून जास्त असेल तर व्यावसायिक प्रमाण, तर मेफेड्रोन म्हणजे एमडीचं तेच प्रमाण २ आणि ५० ग्रॅम. शिक्षा त्यावर ठरते, म्हणून वजन आणि पंचनामा चोख हवा.

माग काढण्याच्या कामात बातमी ठरलेली असते : 'श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले.' लोक हसतात. पण चोरी झाल्यापासून पथक येईपर्यंत अर्ध्या गावानं त्या घरातून चक्कर मारलेली असते, आणि मे महिन्यात बीड-परभणीची माती दुपारी तापली की वास उडून जातो. घटनास्थळ राखणं हे ठाण्याचं काम. तोपर्यंत आत न जाणं हे गावाचं. न्यायालयही श्वानाच्या मागावर एकट्यानं विसंबत नाही. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा पुराव्याला फारसं वजन दिलं नव्हतं. श्वान दिशा दाखवतो, पुरावा तपास अधिकाऱ्यानं उभा करायचा असतो.

'आमचा पश्मी कुत्रा घेतील का?'

चाकूर तालुक्यातल्या जानवळकडचे लोक हे हमखास विचारतात, आणि अभिमान रास्त आहे. पण पश्मी आणि कारवान ही नजरेनं शिकार करणारी, वेगाची जात. नाकाच्या कामाला पथकं लॅब्राडोर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, आणि अलीकडं बेल्जियन मॅलिनॉय घेतात. टेकनपूरला मुधोळ आणि रामपूर हाउंडवर काम झालंय, केंद्रीय गृह मंत्रालयही भारतीय जातींना पुढं आणतंय, तेव्हा दार बंद नाही. तरी पिल्लू नेऊन मुख्यालयात दिलं आणि झालं, असं होत नाही. खरेदी खात्याच्या पद्धतीनं, वंशावळ आणि पशुवैद्यकीय तपासणी पाहून होते.

बारावी नसेल तर

दहावीवर केंद्रीय दलांचा रस्ता आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) जीडी, म्हणजे जनरल ड्युटी, कॉन्स्टेबल भरतीत वय १८ ते २३ (प्रवर्गानुसार सवलत), सर्वसाधारण उंची पुरुषांना १७० सेंमी, महिलांना १५७. पुरुषांना २४ मिनिटांत पाच किलोमीटर धावायचं असतं. तिथंही श्वान विभागात जाणं नंतर, दलाच्या आत ठरतं. कुत्र्यांच्याच कामाची थेट जागा हवी असेल तर सीमा सुरक्षा दल आणि आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) अधूनमधून 'कॉन्स्टेबल (केनेलमन)' पदं काढतात. ती संख्येनं थोडी असतात, अर्जाची मुदतही छोटी असते, म्हणून दोन्ही दलांच्या भरती संकेतस्थळांवर आठवड्यातून एकदा नजर टाका आणि ओबीसी असाल तर केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढून ठेवा. राज्याचा तिथं चालत नाही.