खाज शमवणारं मलम वेगळं, नायटा मारणारं वेगळं

मिरग लागून लावण्या सुरू झाल्या की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी ऐकू येते: "खाजेचं मलम द्या." असं मलम नसतं हो! खाज शमवणारं एक असतं, नायट्याची बुरशी मारणारं दुसरं. पहिलं दुसऱ्याच्या जागी लावून दरवर्षी किती माणसं जांघा बिघडवून घेतात याला गणती नाही.

बामाबद्दल काही सांगायला नको. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांना चेतवतं म्हणून गार वाटतं, कातडी काही गार होत नाही. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल टाचांच्या भेगांना झकास, पण बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांना नको. तिथे तुपकट काही नाही, कोरडेपणा हवा. एवढं बास.

खरा घोळ पुढे आहे. शमवणारं मलम म्हणजे बहुतेक वेळा स्टिरॉइड: बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. लाली, सूज, खाज हा शरीराने केलेला प्रतिकार असतो, आणि स्टिरॉइड तो प्रतिकारच दाबतं. कधीकधी तेच हवं असतं. आंब्याचा चीक ओठाच्या कोपऱ्यावर उतला, काजू फोडताना टरफलाचं तेल हाताला लागलं आणि दुसऱ्या दिवशी फोड, पाणी, आग सुरू झाली, तर तिथे मारायला जंतूच नाही. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. त्यांच्या चिकावर शरीर नको इतकं चवताळतं. डॉक्टरांनी अशा वेळी थोडे दिवस स्टिरॉइड दिलं तर खुशाल लावा. या औषधाशी माझं वैर नाही.

नायट्यात मात्र कातडीच्या वरच्या थरात जिवंत बुरशी असते, तिथलं केराटिन खात बसलेली. तिच्यावर स्टिरॉइड लावणं म्हणजे कलमांवर वानर चढले म्हणून राखण्या ओरडतोय, तर त्याच्याच तोंडात बोळा कोंबणं. दोन दिवसांत खाज जाते, लाली उतरते आणि माणूस म्हणतो, "काय गुणाचं मलम!" बुरशी तोवर बिनधास्त पसरत असते. ट्यूब संपली की खाज दुपटीने उठते, मग दुसरी ट्यूब. नायट्याची खूण म्हणजे गोल चकंदळ, कडेला उचललेली खवल्यांची लाल रेघ, मध्ये जरा साफ. स्टिरॉइडने ती कडच पुसट होते, आणि मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही. जांघेतली कातडी मुळात पातळ, त्यात ओला कपडा दिवसभर चिकटलेला, त्यामुळे औषध जास्त मुरतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी विरते आणि पट्टे पडतात. ते पुढे फिके होतात, जात नाहीत.

नावंही अशी की वैताग यावा. क्लोट्रिमाझोल बुरशी मारतं, क्लोबेटासॉल हे सगळ्यात जहाल स्टिरॉइडांपैकी एक. दोन्हींची सुरुवात 'क्लो'. शेवट वाचा: 'झोल' असेल तर बहुधा बुरशीचं, 'सोन' किंवा 'सॉल' दिसलं तर थांबा. टर्बिनाफिन, ल्युलिकोनाझोल हीही बुरशीचीच.

आणि माझा सगळ्यात जास्त राग आहे तो 'थ्री इन वन' ट्यूबवर. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड, सगळी भेळ एकाच नळीत. काउंटरवरून हीच पुढे सरकते, कारण हिने लगेच बरं वाटतं आणि गिऱ्हाईक परत येतं. 2018 मध्ये केंद्राने आणखी कित्येक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली; तरी चिठ्ठी मागणारा दुकानदार भेटला तर त्याला चहा पाजा.

बुरशीचं मलम सावकाश काम करतं, तेवढा धीर धरायचा. चकंदळाच्या कडेबाहेर 2 सेंटीमीटरपर्यंत लावायचं आणि डाग दिसेनासा झाल्यावरही साधारण 2 आठवडे चालू ठेवायचं. खाज गेली म्हणून चौथ्या दिवशी ट्यूब फळीवर ठेवणाऱ्यांचाच नायटा गणपतीत परत येतो. घरात दोघांना असेल तर दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यायचं, टॉवेल वेगळे ठेवायचे. पावसात दांडीवरचे कपडे दमटच राहतात, तेव्हा चड्ड्या-बनियनवर घालायच्या आधी इस्त्री फिरवा.

आधीच भेळ ट्यूब लावून बसला असाल तर कातडीच्या डॉक्टरकडे जा, आणि ती रिकामी चेपलेली ट्यूब सोबत न्या. "कायतरी पांढरं मलम होतं" एवढ्यावरून त्यांना काय कळणार?