भ्रमकारी द्रव्ये आणि गोवा

ज्या द्रव्यांच्या सेवनाने समोर नसलेल्या गोष्टी दिसू वा ऐकू लागतात, काळाचे व अंतराचे भान पालटते आणि ‘मी’पणाची जाणीव सैल होते, त्यांना भ्रमकारी द्रव्ये म्हणतात. एलएसडी, पेयोट या मेक्सिकन निवडुंगातील मेस्कलिन आणि काही अळंब्यांतील सायलोसायबिन ही त्यांतील प्रमुख असून ती मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर (ते जिथे जोडले जाते त्या जागांवर) काम करतात. धोत्र्याची जात निराळी आहे. त्यातील स्कोपोलामिन व हायोसायमिन ही अल्कलॉइडे (वनस्पतिजन्य रसायने) अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचे कार्य रोखतात. त्यामुळे घशाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो आणि शुद्धीवर आल्यावर त्याला पुष्कळदा काहीच आठवत नाही. हे विष असून त्याने मृत्यूही ओढवतो. गांजा-चरस यांना बोलीत याच माळेत ओवले जात असले, तरी त्यांची गणना सहसा वेगळी होते.

गोव्याचा या विषयाशी संबंध हिप्पींपासून जोडण्याची रीत आहे, पण छापील पुरावा त्याच्या चारशे वर्षे मागे जातो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि त्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक संवाद आहे, आणि धोत्र्याचे प्रकरण तर नाटकातल्या प्रवेशासारखे उघडते: ओळखीच्या घरातून निरोप येतो की, तेथील दासीला कोणीतरी धोत्रा चारून चोरी केली आहे, तिला काहीही विचारले, तरी ती नुसती हसते. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने, स्त्रिया नवऱ्यांना धोत्रा देऊन त्यांच्या देखत व्यभिचार करतात, असे लिहिले. यात निरीक्षण किती आणि पुरुषी भीती व ऐकीव गप्पा किती, हा प्रश्नच आहे. युरोपीय वाचकाला मात्र ‘मती फिरवणारा पूर्व’ अशा वर्णनांतूनच दिसू लागला. इथल्या लोकांना धोत्रा नवा नव्हताच. अमरकोशाने त्याला उन्मत्त, कितव आणि धूर्त अशी नावे दिली आहेत, आणि शंकराच्या पिंडीवर त्याचे फूल व काटेरी फळ आजही वाहतात.

आल्बर्ट होफमान या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये तयार केलेल्या एलएसडीचा परिणाम त्याला १९४३ मध्ये स्वतःवरच अनुभवास आला. इंग्रज लेखक ऑल्डस हक्सलीने मेस्कलिनच्या अनुभवावर १९५४ मध्ये लिहिलेले पुस्तक पुढच्या पिढीने पोथीसारखे वाचले. त्या पिढीतील काही हिप्पी तरुण साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे गोवा मुक्त होऊन दशकही उलटले नव्हते तेव्हा, कळंगुट, बागा आणि हणजुणच्या किनाऱ्यांवर उतरले. हणजुणचा बुधवारचा बाजार परतीच्या खर्चासाठी आपले किडूकमिडूक विकणाऱ्या याच मंडळींपासून सुरू झाला.

या वास्तव्याचा खरा सांस्कृतिक ऐवज म्हणजे संगीत. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरील मैफलींतून गिटार मागे पडून इलेक्ट्रॉनिक संगीत पुढे आले. वादक (डीजे) गाण्यांतील शब्द कापून टाकीत आणि उरलेला ठेका व सुरावट फितीवर जोडून लांबवीत. उष्णतेने तबकड्या वाकत, म्हणून डिजिटल फितींवर भर राहिला. यातून नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार जगभर ओळखला गेला. वेगवान, एकसुरी ठेक्यावर हळूहळू रंग बदलणाऱ्या सुरावटी हे त्याचे वैशिष्ट्य असून एलएसडीच्या अनुभवाला साजेशी ही घडण होती; तरी द्रव्यावाचून ऐकणारेही असंख्य आहेत. अमेरिकेतून आलेला गोवा गिल (१९५१–२०२३) हा त्याचा सर्वांत परिचित वादक. या रात्रींचे गावाकडचे रूप मात्र वेगळे होते: नाचाच्या कडेला चटया अंथरून, कंदिलाच्या उजेडात स्टोव्हवर चहा उकळणाऱ्या गावच्या बायका पहाटेपर्यंत बसत आणि त्यावर घरखर्च भागवीत.

ट्रान्स म्हणजे तंद्री, आणि तिच्यासाठी बाहेरचे काही लागत नाही, हे एका गोवेकराने आधीच सांगून ठेवले होते. कांदोळीत जन्मलेल्या आबे फारिया (१७५६–१८१९) यांनी पॅरिसमध्ये १८१३ पासून संमोहनाचे प्रयोग केले आणि तंद्रीचे मूळ प्रयोगकर्त्याच्या शक्तीत नसून ज्याला ती लागते त्याच्याच मनात असते, असे प्रतिपादन केले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.

हिंदी चित्रपटाने गोव्याची ही बाजू उचलली ती बहुधा गुन्हेगारीसाठी किंवा विनोदासाठी. २०१३ च्या ‘गो गोवा गॉन’मध्ये तर पार्टीतील एका गोळीने पाहुण्यांचे चालते-फिरते मुडदे होतात. मराठीत व्यसन म्हटले की गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’पासून दारूच डोळ्यांपुढे येते.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार एलएसडीची ०.१ ग्रॅमहून अधिक मात्राही व्यापारी प्रमाणात मोडते आणि तिला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली. त्यानंतर अनेक मैफली दिवसाउजेडी वा बंदिस्त सभागृहांत होऊ लागल्या.