भक्तीतलं ‘हळूहळू’ कुठून आलं?

मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी स्तंभ उभा आहे. आसपासचे लोक त्याला खांबबाबा म्हणतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात हेलिओडोरस नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, तो उभारला. हा तक्षशिलेहून आलेला राजदूत स्वतःला ‘भागवत’, म्हणजे भगवंताचा भक्त, म्हणवतो आणि देवाधिदेव वासुदेवासाठी आपण हा गरुडध्वज उभारल्याचं सांगतो. त्याच खांबावर आणखी एक छोटा लेख आहे. तीन अमृतपदं नीट आचरली तर ती स्वर्गाला नेतात, असं तो म्हणतो. ती तीन म्हणजे दम, त्याग आणि अप्रमाद. पद म्हणजे पाऊलही. वासुदेवभक्तीच्या अगदी जुन्या पुराव्यांपैकी एकात चमत्काराचा उल्लेख नाही, संयम, सोडणं आणि गाफील न राहणं यांचा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

भक्तीत माणूस टप्प्याटप्प्याने वाढतो, या कल्पनेचा माग काढताना खरी जागा मात्र गीतेच्या बाराव्या अध्यायात सापडते. श्रीकृष्ण आधी सर्वांत वरची गोष्ट सांगतात: मन माझ्यात ठेव, बुद्धी माझ्यात ठेव. लगेच पुढच्या श्लोकात ते एक पायरी खाली येतात. चित्त स्थिर ठेवता येत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही झेपत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही जमत नसेल तर कर्माचं फळ सोड. ‘न शक्नोषि’, ‘असमर्थोऽसि’, ‘अशक्तोऽसि’ असे नकार एकामागून एक येतात आणि प्रत्येक नकारानंतर नवी वाट निघते. सहसा शिडी चढायची असते. इथे ती साधकाच्या पायापर्यंत खाली सोडलेली आहे. या श्लोकांचा पुढे कोणी काय अर्थ लावला, त्यातली कोणती पायरी श्रेष्ठ ठरवली, यावर भाष्यकारांचे मतभेद आहेत. पण न जमणाऱ्या माणसाला परत पाठवायचं नाही, ही भूमिका तिथे ठरून गेली.

सहाव्या अध्यायात ‘शनैः शनैः’ आहेच, आणि अनेक जन्मांनी सिद्धी मिळवणारा योगीही आहे. पतंजलींच्या योगसूत्रांनी अभ्यासाची व्याख्याच करून टाकली: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यास दृढ होतो. यातला ‘आदराने’ हा शब्द पुष्कळदा वाचताना निसटतो. नुसती वर्षं मोजून भागत नाही.

रामानुजाचार्यांनी अकराव्या-बाराव्या शतकांत भक्तीला वेदान्ताचा पाया दिला. तेलाच्या धारेसारखं अखंड स्मरण म्हणजे भक्ती, असं ते सांगतात. पण ती धार लागेपर्यंत काय? त्यासाठी त्यांनी आपल्याही आधीच्या एका वाक्यकाराचा, म्हणजे जुन्या वेदान्ती टीकाकाराचा, आधार घेऊन सात साधनं दिली: विवेक, विमोक, अभ्यास, क्रिया, कल्याण, अनवसाद आणि अनुद्धर्ष. यातला विवेक मुख्यतः अन्नशुद्धीचा आहे, हे वाचून पहिल्यांदा आश्चर्य वाटतं. शेवटच्या दोन शब्दांशी मात्र थांबायला हवं. अनवसाद म्हणजे खचून न जाणं, अनुद्धर्ष म्हणजे हुरळून न जाणं. साधनेत पडण्याच्या या दोन जागा ज्याने जोडीने लिहिल्या, त्याने पुष्कळ साधक जवळून पाहिले असणार.

भागवतातल्या प्रल्हादाची नवविधा भक्ती, श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत, आपल्याला पाठ असते. समर्थ रामदासांनी दासबोधाचा चौथा दशक तिलाच दिला आणि पाचव्यात बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध ही चार माणसं एकापुढे एक उभी केली. भागवताच्याच एकादश स्कंधात एक दृष्टान्त आहे, तो त्या मानाने कमी ऐकू येतो. जेवणाऱ्याला प्रत्येक घासाबरोबर समाधान, पोषण आणि भूक भागणं ही तिन्ही एकाच वेळी मिळतात, तशी भगवंताला शरण गेलेल्याला भक्ती, अनुभव आणि विरक्ती एकदमच मिळत जातात. म्हणजे फळ शेवटच्या पायरीवर ठेवलेलं नाही. घासाघासाला त्याचा वाटा येतो. पंक्तीत शेवटपर्यंत बसल्यावरच भूक भागते असं कुठे असतं?

आणि मग ज्ञानेश्वरी, शके १२१२, म्हणजे १२९०. गीतेच्या ‘अभ्यासयोगेन’ या एका शब्दावर ज्ञानदेव काय करतात ते पाहावं. अर्जुनाला ते सांगतात की मन पूर्ण देता येत नसेल तर

‘तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय ॥’

आठ प्रहरांत क्षणभर! मूळ श्लोकात हे माप नाही. ते ज्ञानदेवांनी आपल्या कनवाळूपणाने घातलं. तो क्षण माझ्या सुखात गेला की तेवढीच विषयांची अरुची उपजेल, असं ते पुढे म्हणतात. शरद ऋतू लागला की नदी ओसरू लागते, तसं चित्त प्रपंचातून निघेल. पुनवेनंतर चंद्रबिंब दिवसेंदिवस कमी होत अवसेला दिसेनासं होतं, तसं भोगातून निघालेलं चित्त ‘हळूहळू पंडुसुता । मीचि होईल’. वाढ सांगताना त्यांनी ओसरणाऱ्या नदीचे आणि क्षीण होणाऱ्या चंद्राचे दृष्टान्त घेतले, याचा मी पुष्कळदा विचार करतो. साधकाला आपली वाढ दिसत नाही. काहीतरी उणं होत चाललं आहे एवढंच, तेही मागे वळून पाहिल्यावर, जाणवतं.

शैव परंपरांनी हाच क्रम आपापल्या रीतीने बांधला. तमिळ शैव सिद्धान्तात चर्या, क्रिया, योग, ज्ञान असे चार मार्ग आहेत आणि त्यांतल्या पहिल्या तिन्हींना दास, पुत्र, सखा अशा नात्यांची जोड आहे; देवळाच्या आवारातलं गवत खुरपणारे तमिळ संत अप्पर हे दासमार्गाचे आदर्श. कन्नड शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या परंपरेतल्या शिवभक्तांच्या, षट्स्थलात भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी सहा स्थळं येतात.

सर्वांत बारीक नोंद गौडीय वैष्णवांनी, म्हणजे बंगालच्या चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेने, ठेवली. रूप गोस्वामींच्या १५४१च्या भक्तिरसामृतसिंधूत श्रद्धा, साधुसंग, भजनक्रिया, अनर्थनिवृत्ती, निष्ठा, रुची, आसक्ती, भाव आणि प्रेम असा नऊ टप्प्यांचा क्रम आहे. त्यातल्या भजनक्रियेपाशी वृंदावनच्या विश्वनाथ चक्रवर्तींनी नंतर भिंग धरलं. निष्ठेपूर्वीचं भजन अस्थिर असतं, आणि त्या अस्थिरतेचे सहा प्रकार त्यांनी सांगितले. उत्साहमयी: नुकतं शिकू लागलेल्या मुलाला आपण पंडित झालो असं वाटतं, तसा पहिला उमाळा. घनतरला: कधी दाट, कधी पातळ. व्यूढविकल्पा: घर सोडावं की घरात राहून भजन करावं, या विचारांतच दिवस जाणं. विषयसंगरा: विषयांशी झुंज, कधी जिंकणं तर कधी हरणं. नियमाक्षमा: उद्यापासून इतका जप करीन असं ठरवून ते न पाळता येणं. आणि तरंगरंगिणी: भक्तीमुळेच मिळू लागलेल्या मानाच्या लाटांवर रमणं. तीनशे वर्षांपूर्वीची ही यादी वाचताना आपलीच रोजनिशी कुणी लिहून ठेवल्यासारखं वाटतं. विश्वनाथ हे सारं भजनक्रियेतच मोजतात. ज्याचा नियम मोडतो तो वाटेवरून उतरला असं ते मानत नाहीत.

पायऱ्यांच्या या विचाराला विरोधही झाला. रामानुजांनंतर दक्षिणेत वाद पेटला: माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू आईच तोंडात धरून नेते, मग जीवाने यातलं कोण व्हावं? वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाने सगळा भार कृपेवर ठेवला. कृपा हिशेबाने येत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. तरी कृपेवर भिस्त ठेवणाऱ्या या संप्रदायांतही रोजची सेवा सुटली नाही. आपल्याकडची नामदेवांची कथाही इथे आठवते. देव ज्यांच्याशी बोलतो, त्या नामदेवांच्या डोक्यावर गोरोबाकाका थापटणं मारतात आणि मडकं कच्चं ठरवतात. मग विसोबा खेचरांकडे जाणं आलं. दर्शन झालं होतं, तरी भाजणं बाकी होतं.

तुकोबांनी तर आपला स्वतःचाच क्रम लिहून ठेवला. ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ म्हणणारे तुकोबा आत्मकथनाच्या अभंगात सांगतात: ‘आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. चित्त नव्हतं, तरी कीर्तन सुरू होतं. मग संतांची काही वचनं विश्वासाने पाठ केली. आणि पुढे उभं राहून दुसरे गात असत, तेव्हा ते मागे उभे राहून त्यांचं धृपद धरत.