उंची पाच फूट, घ्यायची आहे रोड बाइक

सायकलच्या दुकानात बाईला आधी बजेट विचारतात. मग एक सायकल दोन बोटांनी उचलून दाखवतात: "मॅडम, बघा किती हलकी आहे." मापाचा विषय त्यानंतर निघतो, कधी कधी निघतच नाही. मला वाटतं, पहिली रोड बाइक, म्हणजे खाली वाकलेल्या हँडलची वेगवान सायकल, घेताना हा क्रम पूर्ण उलटा हवा. रोड बाइकवर शरीर तासन्‌तास जवळजवळ एकाच ठेवणीत असतं: बैठक सीटवर, हात हँडलवर, पाय पेडलवर. या तीन जागांमधली अंतरं आपल्या हाडांच्या लांबीशी जुळली नाहीत, तर मान आखडते, तळहातांना मुंग्या येतात, गुडघे दुखतात. आणि नव्याने सायकल चालवणारी बाई त्याचा दोष स्वतःला देते. आपल्याला हे झेपत नाही, असं ठरवून ती सायकल गॅलरीत उभी करते. कितीतरी सायकली अशा उभ्या आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आहे. बऱ्याच रोड बाइकची सर्वांत लहान साइझ १५५ सेंटिमीटर उंचीच्या आसपास सुरू होते. कंपन्या अजून लहान साइझ सहज का काढत नाहीत, याचं उत्तर चाकात आहे. बहुतेक रोड बाइकच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर ठरलेला असतो आणि टायर धरून चाक जवळपास ६८ सेंटिमीटरचं होतं. सहा फुटी पुरुषाच्या सायकलला तेच चाक आणि पाच फुटी बाईच्या सायकलला तेच. फ्रेम लहान करत गेलं की पुढचं चाक पेडलजवळ सरकतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला घासू लागतं. ते टाळायला डिझायनर पुढचा काटा जरा आडवा करतो आणि सीटची नळी जास्त उभी करतो. नळी उभी केल्यामुळे वरचा दांडा कागदावर आखूड दिसतो. पण गुडघा पेडलच्या योग्य रेषेत यावा म्हणून सीट मागे घेतली की हँडल पुन्हा लांबच जातं. म्हणून "ही एक्स्ट्रा स्मॉल आहे" एवढ्या शब्दावर विसंबू नये.

या अडचणीला थेट भिडलेली व्यक्ती म्हणजे अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराजवळच्या मेकॅनिकल इंजिनिअर जॉर्जिना टेरी. त्यांनी १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली. लहान फ्रेमच्या सायकलींना त्यांनी मागे नेहमीचं मोठं चाक ठेवलं आणि पुढे २४ इंची लहान चाक बसवलं. पुढचं चाक लहान झाल्याने बूट घासायचा प्रश्न सुटला आणि हँडल खरोखर जवळ आणता आलं. दिसायला विचित्र, पण भूमिती अगदी चोख. पुढे मोठ्या कंपन्यांनीही बायकांसाठी वेगळ्या मालिका काढल्या. जायंट कंपनीने २००८ मध्ये लिव्ह हा बायकांसाठीचा ब्रँडच सुरू केला.

त्या काळात एक समजूत फार पसरली: बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, म्हणून त्यांना आखूड फ्रेम हवी. मोजमापं मात्र तिला फारसा आधार देत नाहीत. उंचीच्या प्रमाणात पाहिलं तर स्त्री-पुरुषांच्या सरासरीतला फरक अगदी किरकोळ आहे. दोन मैत्रिणींच्या ठेवणीत त्याहून कितीतरी मोठा फरक सापडतो. स्पेशलाइज्ड कंपनीने सायकलस्वारांच्या हजारो मोजमापांचा अभ्यास केला आणि गेल्या दशकाच्या अखेरीस रोड बाइकसाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या फ्रेमचा नाद सोडला. लिव्ह अजूनही वेगळ्या फ्रेमवर ठाम आहे. माझं मत असं, की सायकलवर "लेडीज" लिहिलंय की नाही याकडे लक्षच देऊ नका. गुलाबी रंगाने हँडल जवळ येत नाही. बायकांचे खांदे, हात आणि कटीची हाडं यांत सरासरी फरक आहे हे खरं, पण त्याचं उत्तर फ्रेमपेक्षा सीट, हँडल आणि ब्रेक लिव्हर या सुट्या भागांत जास्त आहे.

फ्रेमसाठी दोन आकडे पाहावेत, स्टॅक आणि रीच. पेडल ज्या दांड्याला जोडलेलं असतं तो क्रँक. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो तो आस, म्हणजे दुकानातल्या भाषेत बीबी. तिच्या मध्यापासून फ्रेमची पुढची नळी, जिच्यात हँडल बसतं, वर जिथे संपते तिथपर्यंतचं उभं अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवं अंतर म्हणजे रीच. दोन कंपन्यांच्या "४८ नंबर" फ्रेम वेगळ्या निघू शकतात, पण हे आकडे सरळ ताडून पाहता येतात. नवख्या बाईने स्टॅक जास्त आणि रीच कमी असलेली, म्हणजे एन्ड्युरन्स प्रकारातली फ्रेम बघावी. तरीही हँडल लांब वाटलं तर १० सेंटिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, काढून ८ चा लावता येतो. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे ढकलणं मात्र चूक, कारण त्यात गुडघ्याची जागा बिघडते. हँडलची रुंदी खांद्यांइतकी हवी. सोबत येणारं हँडल बहुधा ४० किंवा ४२ सेंटिमीटरचं असतं आणि अरुंद खांद्यांच्या बाईला ३६ किंवा ३८ लागू शकतं.

क्रँककडे तर कोणीच पाहत नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाच फुटी बाईच्या पायाची आतली लांबी सुमारे ७० सेंटिमीटर धरू. १७० मिलिमीटरचा क्रँक हा त्या लांबीच्या २४ टक्के झाला. ८३ सेंटिमीटर पायाच्या पुरुषाला तोच क्रँक साडेवीस टक्केच पडतो. म्हणजे प्रत्येक फेरीत बाईचा गुडघा जास्त वर येतो, मांडी पोटाला भिडते, गुडघा जास्त दुमडतो. एका तासात पेडलच्या चार-पाच हजार फेऱ्या होतात, हे लक्षात घ्या. "लांब क्रँक म्हणजे जास्त तरफ, जास्त ताकद" असं दुकानात सांगतात. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टिन आणि स्पिरडुसो यांच्या प्रयोगात १२० ते २२० मिलिमीटरचे क्रँक लावून कमाल शक्ती मोजली, तेव्हा सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट लांबीत जेमतेम ४ टक्के फरक निघाला. १४५ आणि १७० चे आकडे जवळजवळ सारखे होते. तेव्हा १६५ किंवा मिळाला तर १६० मागताना ताकद गमावण्याची भीती बाळगायचं कारण नाही.

आता वजनाचं गणित करू. ५५ किलोची बाई, १० किलोची सायकल, पाणी आणि पंप-ट्यूब मिळून २ किलो, एकूण ६७. चढ ६ टक्के, म्हणजे शंभर मीटरमागे सहा मीटर उंची. ताशी ८ किलोमीटर वेगाने चढायचं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण ८७ वॉट लागतात. टायरचं घर्षण धरून शंभरच्या आत. सायकल एक किलोने हलकी घेतली तर ६७ चे ६६ होतात आणि अर्ध्या तासाच्या चढात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाचतं. त्या एका किलोसाठी पंधरा-वीस हजार जास्त मोजणं पहिल्या सायकलला तरी पटत नाही.

त्यापेक्षा गियर बघा. पुढे पेडलच्या चकतीला ३४ दात, मागे चाकाच्या चकतीला २८ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. त्याच वेगाला मिनिटाला ५२ फेऱ्या पडतात, म्हणजे प्रत्येक फेरी रेटून मारावी लागते आणि गुडघा भरून येतो. मागे ३४ दात असतील तर ६४ फेऱ्या. पुढे ३० आणि मागे ३४ मिळाले तर ७२, म्हणजे श्वास लागला तरी पाय चालत राहतात. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर चढ याहून बराच तीव्र होतो, तिथे हा फरक सायकलवर बसून चढणं आणि उतरून ढकलणं यांतला असतो. मागे ३४ दातांची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसेल का, हे खरेदीआधीच विचारावं.

चढलेलं उतरावं लागतं. रोड बाइकचे ब्रेक लिव्हर मोठ्या पंजाच्या मापाने बसवलेले येतात. हँडलच्या खालच्या वाकात हात धरून दोन बोटं लिव्हरवर सहज पोचली पाहिजेत. ताणावी लागली तर घाटात दहा मिनिटांतच हात थकतो आणि ऐन वेळी ब्रेक कमी दाबला जातो. बहुतेक लिव्हरमध्ये ते आत घेण्यासाठी बारीक स्क्रू असतो. तो फिरवून द्यायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यातही चालवणार असाल तर डिस्क ब्रेक घ्या. रिमला दाबणाऱ्या साध्या ब्रेकमध्ये ओल्या रिमवर रबर आधी पाणी पुसतं, मग पकडतं, आणि तेवढ्यात सायकल काही मीटर पुढे गेलेली असते.

सीटबद्दल बोलायला संकोच वाटतो, म्हणून त्रास मुकाट्याने सोसला जातो. आपण बसतो ते कटीच्या दोन हाडांवर. बायकांमध्ये त्यांच्यातलं अंतर सरासरी जास्त असतं, पण प्रत्येकीचं वेगळं. कडक स्टुलावर जाड पुठ्ठा ठेवून पुढे वाकून बसलं की दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद सीट बघा. जाड जेलची मऊ सीट पहिल्या किलोमीटरला छान वाटते. मग हाडं तिच्यात रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवर दाब देतो. मध्ये खाच असलेली, बेताची कडक सीट बरी. सायकलिंग शॉर्ट्स अंतर्वस्त्राशिवाय घालायच्या असतात, कारण शिवणीच घासतात.

टायर किमान २८ मिलिमीटरचा. हवा सरसकट १०० पीएसआय भरून देतात. ५५ किलो वजनाला ६० ते ७० पुरते आणि खड्ड्यांतले हादरेही कमी बसतात.

ट्रायलला दुकानासमोरच्या सपाट गल्लीत एक चक्कर पुरेशी नाही. निदान अर्धा तास मागा आणि जवळचा एखादा चढ गाठा. निघण्याआधी सीटची उंची लावून घ्या: बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत पायाच्या आतल्या लांबीच्या ०.८८ पट, म्हणजे ७० सेंटिमीटरला साधारण ६२. पेडल तळाला असताना गुडघा किंचित दुमडलेला राहतो ना, ते सोबतच्या व्यक्तीला बाजूने बघायला सांगा. परतल्यावर सगळी अंतरं टेपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण पहिल्याच सर्व्हिसिंगमध्ये सीट खाली-वर झालेली असते आणि अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही गुडघ्याला कळतो.