त्या चिनी जुळ्या मुली 'एड्सप्रूफ' नाहीयेत हो

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फॉरवर्ड फिरून येतो, की चीनमधे डीएनए बदलून एड्स कधीच न होणाऱ्या जुळ्या मुली जन्माला घातल्या, आता उंच-हुशार मुलं पण ऑर्डरनी मिळणार. अहो नाही!

2018 ला चीनमधल्या शेन्झेनच्या 'हे जियानकुई' नावाच्या शास्त्रज्ञानी क्रिस्पर (डीएनए कापायची जणू कात्रीच) वापरून भ्रूणात सीसीआर5 नावाचा जीन कापला एवढं खरं. एचआयव्ही पेशीत शिरतो तो बहुतेकदा ह्या जीनमुळे पेशीवर बनणाऱ्या प्रोटीनच्या दारातून. पण काही लोकांत जन्मतःच ह्या जीनमधली डीएनएची 32 अक्षरं गळालेली असतात आणि ते दार बंद होतं, नेमका तो बदल त्याला जमलाच नाही, कापल्यावर पेशीनी जोडताना भलतंच काहीतरी झालं, एकीची तर जीनच्या दोनपैकी एक कॉपी शाबूतच राहिली आणि सगळ्या पेशींत बदल सारखा झालाय का तेही नक्की नाही. शिवाय एचआयव्हीचे काही प्रकार सीएक्ससीआर4 ह्या दुसऱ्या दारानी येतातच की.

वैताग ह्याचा की गरजच नव्हती, बाप पॉझिटिव्ह होता पण स्पर्म वॉशिंगनी (शुक्राणू धुवून विषाणूपासून वेगळे करून) लागण टाळता येते (आणि ते केलंही होतं!). 2019 मधे त्याला 3 वर्षं जेल झाली. उंचीचं म्हणाल तर डीएनएतल्या हजारो जागांचा त्यात थोडा थोडा हात असतो, कुठं कुठं कात्री चालवणार?